पहिल्यांदाच ईमेल घेताय? सोपा प्रोग्रॅम कसा निवडायचा आणि कसा लावून घ्यायचा

बडोद्यात साठी ओलांडलेल्या माणसाला ईमेल लागते ती बहुधा तीन कारणांपैकी एकासाठी. मुलगी अमेरिकेत असते आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटचा सगळा पत्रव्यवहार ईमेलवर चालतो. म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, आयकर खात्याची सूचना या गोष्टी कागदावर यायच्या जवळजवळ थांबल्या आहेत. किंवा पासपोर्ट नव्याने काढायचा असतो आणि ऑनलाइन अर्जात ईमेलचा रकाना रिकामा सोडता येत नाही. आजवर हे सारं भाच्याच्या नाहीतर झेरॉक्सवाल्याच्या पत्त्यावर भागलेलं असतं. मग एखाद्या रविवारी ओटीपी झेरॉक्सवाल्याच्या ईमेलवर जातो, दुकानाला कुलूप असतं, आणि घरात ठरतं की आता स्वतःची ईमेल हवी.

दांडिया बाजार, वाडी, मांजलपूर इथल्या मराठी घरांतून मला प्रश्न येतो तो असा: "सगळ्यात सोपं कुठलं ते सांगा, आणि एकदाच लावून द्या." तर उत्तर आधीच देऊन टाकतो. अडलं की तुम्ही ज्याला हाक मारणार आहात, तो माणूस जे वापरतो ते घ्या. वरच्या मजल्यावरचा पटेलांचा मुलगा जीमेल वापरत असेल तर जीमेल. डॅलसमधली मुलगी आयफोनवाली असेल, तिने तुम्हालाही आयफोन दिला असेल, तर त्यातलं ॲपलचं मेल. प्रोग्रॅमाप्रोग्रॅमांमधला फरक शिकणाऱ्याला पहिली दोन वर्षं जाणवतही नाही, फोनवरून "आता कुठे दाबू?" असं विचारल्यावर पलीकडच्याच्या डोळ्यांसमोर तोच पडदा आहे की नाही, हे मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतं.

बाकीचा लेख आहे तो निवड पक्की करण्यासाठी, आणि निवडलेला प्रोग्रॅम खरोखर सोपा करून घेण्यासाठी. कारण कुठलाही प्रोग्रॅम डब्यातून काढल्याबरोबर सोपा नसतो. तो तसा करावा लागतो, आणि ते काम अर्ध्या तासाचं आहे.

आधी पत्ता, मग प्रोग्रॅम

या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते. ईमेलचा पत्ता म्हणजे बँकेतलं खातं, आणि प्रोग्रॅम म्हणजे त्या खात्यापर्यंत पोचायची खिडकी. जीमेलचा पत्ता जीमेलच्या ॲपमध्ये उघडतो, तसाच तो आयफोनच्या मेलमध्ये, आउटलुकमध्ये किंवा थंडरबर्डमध्येही उघडतो. खिडकी उद्या बदलता येईल. पत्ता बदलायचा तर बँक, आयुर्विमा, पॅन, आधार, गॅस एजन्सी अशी सगळीकडे वारी करावी लागते. म्हणून विचार करायचा तो पत्त्याचा, आणि तोही निवांत.

पत्ता करताना मी चार गोष्टी बघतो.

स्पेलिंग आधार किंवा पॅनवर आहे तेच ठेवा. आपल्या आडनावांत व्ही आणि डब्ल्यूचा घोळ कायमचा; वैद्य, वाघ, देव, जाधव अशा घरांत एका भावाचं स्पेलिंग एक आणि दुसऱ्याचं दुसरं असतं. पत्त्यात तिसरंच आलं की फोनवर सांगताना रोज भांडण.

जन्मसाल घालू नका. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. तेच तुम्ही पत्त्यातून जगाला का वाटायचं? नुसतं नाव मिळत नसेल तर नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं आद्याक्षर घाला, किंवा शेवटी "बडोदा" जोडा.

नोकरीच्या कंपनीचा किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याचा पत्ता मुख्य पत्ता करू नका. निवृत्तीच्या किंवा कनेक्शन बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी तो तुमचा राहत नाही.

आणि टिंबांचा बाऊ करू नका. जीमेलमध्ये नाव आणि आडनावाच्या मध्ये टिंब दिलं काय, न दिलं काय, पत्र एकाच पेटीत पडतं. नाव मात्र ६ ते ३० अक्षरांत बसावं लागतं.

थांबा, तुमच्याकडे पत्ता आधीपासून आहे का?

अँड्रॉइडचा फोन वापरत असाल तर बहुतेक आहे. फोन घेताना दुकानदार प्ले स्टोअर चालू व्हावं म्हणून जीमेलचं एक खातं उघडून देतो. पासवर्ड त्याच्याच मनाचा असतो आणि तो तुम्हाला कुणी सांगितलेला नसतो. प्ले स्टोअर उघडा, वर उजव्या कोपऱ्यात गोलात एक अक्षर किंवा फोटो दिसेल, त्यावर बोट ठेवा. खाली जो पत्ता दिसतो तो तुमचा.

हा पत्ता ठेवायचा की नाही, हे तीन प्रश्नांवर ठरवा. तो चारचौघांत वाचून दाखवता येईल का? (नाव, पुढे फोन कंपनी, पुढे १२३४५ असले पत्ते मी पाहिले आहेत.) पासवर्ड माहीत आहे का, किंवा फोनच्या सेटिंग्जमधून बदलता येतोय का? आणि खातं परत मिळवण्यासाठी जो मोबाइल नंबर दिलाय तो तुमचाच आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फोनच्या सेटिंग्जमध्ये "गूगल" असं लिहिलेल्या ओळीत जा, तिथून आपलं खातं, मग सिक्युरिटी, मग रिकव्हरी फोन. तिथे अनोळखी नंबर दिसला तर आधी तो काढून आपला घाला, बाकी सगळं नंतर. यांपैकी एका जरी प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आलं आणि दुरुस्त होईना, तर सरळ नवं खातं उघडा.

कोणाला काय सोयीचं

*जीमेल.* २००४ सालच्या १ एप्रिलला सुरू झालं, तेव्हा लोकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली होती. आज नवशिक्याला मी डोळे मिटून हेच देतो, आणि कारण गुणवत्तेपेक्षा गर्दीचं आहे: कुणालाही विचारा, त्याला ते येतं. फुकटात १५ जीबी जागा मिळते. मात्र ती मेल, ड्राइव्ह (गूगलकडे फाइली ठेवायची जागा) आणि फोटो या तिघांत मिळून आहे. नातवाचे व्हिडिओ फोनमधून आपोआप वर चढत राहिले की जागा संपते आणि मेल येणं बंद होतं. दोष मेलचा वाटतो, असतो फोटोंचा.

*आयफोनमधलं मेल.* वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही, जाहिराती नाहीत, पडदा मोकळा. त्यात जीमेलचा पत्ता टाकता येतो. हातात आयफोन असेल तर इथेच थांबा.

*आउटलुक.* इथे जरा बोलायला हवं. विंडोजच्या कॉम्प्युटरवर पूर्वी "मेल" नावाचा साधासुधा प्रोग्रॅम असायचा, निळ्या पाकिटाचा. नवशिक्यांसाठी तो खरंच छान होता. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ला त्याची देखभाल बंद केली आणि त्याच्या जागी नवं आउटलुक आणून बसवलं. फुकट खात्याला त्यात जाहिराती दिसतात, आणि त्या यादीत मेलच्याच ओळीसारख्या बसलेल्या असतात. नव्या माणसाला "हे पत्र आहे का?" हे कळत नाही, तो दाबतो. शिवाय जीमेलचा पत्ता त्यात जोडला तर तुमची मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरूनही, म्हणजे त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरांवरूनही फिरते. ऑफिसात वर्षानुवर्षं आउटलुक वापरलेल्या माणसाला ते चालेल. पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी देत नाही.

*झोहो मेल.* २०२५च्या ऑक्टोबरात केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला पत्ता झोहोवर नेल्याचं जाहीर केलं तेव्हापासून "आपलं भारतीय घेऊ की" असं म्हणणारे भेटतात. चेन्नईची कंपनी, काम चांगलं, जाहिराती नाहीत. हरकत काहीच नाही, फक्त अडल्यावर हात देणारा माणूस त्यातला जाणकार आहे का, ते बघा. ती अट इथेही तीच.

*रेडिफ, याहू.* जुना पत्ता चालू असेल, बँकेत तोच दिलेला असेल, तर चालू द्या. नव्याने घेऊ नका.

*थंडरबर्ड.* हा खास कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांसाठी. त्याच्याकडे पुढे येतो, कारण ज्याला लागतो त्याला तो फारच उपयोगी आहे.

एक बारीक गोष्ट राहिली. काही फोनांत कंपनीचं स्वतःचं "ईमेल" नावाचं ॲप असतं आणि जीमेलही असतं. पडद्यावर दोन पाकिटं. एकात उत्तर लिहायला घेतलं आणि दुसऱ्यात शोधत बसले, हा प्रकार हमखास होतो. एक पाकीट पडद्यावरून काढून टाका, आजच.

जीमेल सोपं करून घेण्याची कृती

नवं जीमेल उघडलं की कप्पे, सूचना, आपोआप पुढचे शब्द सुचवणं, बोट सरकवलं की पत्र गायब होणं, असं सगळं एकदम अंगावर येतं. यातलं बहुतेक बंद करता येतं. मी खालच्या क्रमाने करतो. मेनूची नावं इंग्रजी पडद्यावर दिसतात तशीच देतो आहे.

१. बोट सरकवण्याची करामत बंद. जीमेल ॲपमध्ये डावीकडच्या तीन आडव्या रेघा, तळाशी सेटिंग्ज, मग जनरल सेटिंग्ज, त्यात स्वाइप ॲक्शन्स. डावी आणि उजवी दोन्हीकडे "नन" (काहीच नको) करा.

याला मी पहिला नंबर दिलाय त्याला कारण आहे. पहिल्यांदा शिकणाऱ्याचं बोट यादी वरखाली करताना हमखास तिरकं जातं, आणि मुळातल्या सोयीप्रमाणे ते पत्र "आर्काइव्ह" होतं. पुसलं जात नाही, पण इनबॉक्समधून, म्हणजे आलेल्या पत्रांच्या यादीतून जातं. "अहो, पेन्शनचं पत्र आत्ता इथे होतं, पुसलं गेलं हो!" असा फोन एका काकूंचा आला होता. त्यांना फोनवरूनच तीन रेघा दाबायला लावल्या, खाली "ऑल मेल" शोधायला लावलं, आणि पत्र तिथे सुखरूप बसलेलं सापडलं. पण तोवर त्यांनी घाबरून आणखी दोन पत्रं सरकवून पाहिली होती. आर्काइव्ह म्हणजे काय हे शिकवण्यापेक्षा ते होऊच न देणं सोपं.

२. त्याच जनरल सेटिंग्जमध्ये खाली ॲक्शन कन्फर्मेशन्स असतं. तिथे "कन्फर्म बिफोर डिलीटिंग" आणि "कन्फर्म बिफोर सेंडिंग" या दोन्हींवर खूण करा. आता पुसण्याआधी आणि पाठवण्याआधी फोन एकदा विचारेल. सरावलेल्या माणसाला हा जाच वाटतो. नव्या माणसाला धीर वाटतो.

३. कॉन्व्हर्सेशन व्ह्यू बंद. हा चालू असला की एकाच विषयावरची दहा पत्रं एका ओळीखाली दडतात आणि "उत्तर आलंच नाही" असं वाटतं. बंद केला की आलेलं प्रत्येक पत्र वेगळ्या ओळीत दिसतं, पोस्टमनने आणून टाकल्यासारखं.

४. कप्पे काढा. सेटिंग्जमध्ये आपल्या पत्त्यावर बोट ठेवा, तिथे इनबॉक्स कॅटेगरीज सापडेल. प्रमोशन्स, सोशल वगैरेंवरच्या खुणा काढून टाका. यावर माझ्या एका मित्राचं आणि माझं एकमत नाही. तो म्हणतो, कप्पे असले की कचरा बाजूला पडतो. बरोबर आहे, पण कधी कधी विमा कंपनीचं पत्रही त्या कचऱ्यात पडतं, आणि नव्या माणसाला दुसऱ्या कप्प्यात बघायचं सुचत नाही. दुकानांच्या जाहिराती आल्या तर एकेकीला "अनसबस्क्राइब" (यापुढे पाठवू नका) करत जाऊ.

५. अक्षर मोठं करा. हे जीमेलच्या आत नाही, फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आहे. फॉण्ट साइजची पट्टी उजवीकडे सरकवा. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की पडदा मोठा होतो, कंट्रोल आणि शून्य दाबलं की पूर्ववत.

६. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये (क्रोमसारख्या, संकेतस्थळं उघडायच्या प्रोग्रॅममध्ये) जीमेल उघडत असाल तर वरच्या चाकासारख्या चिन्हावरून "सी ऑल सेटिंग्ज"मध्ये जा आणि "अनडू सेंड"ची मुदत ३० सेकंद करा. पाठवलेलं पत्र तेवढ्या वेळात मागे घेता येतं. मूळची मुदत ५ सेकंदांची असते, आणि ५ सेकंदांत तर चष्माही नाकावर चढत नाही. तिथेच स्मार्ट कम्पोज बंद करा, म्हणजे फिकट अक्षरांत इंग्रजी वाक्यं पुढे पुढे पळणार नाहीत. शेवटी तळाचं "सेव्ह चेंजेस" दाबायला विसरू नका, नाहीतर सगळं पाण्यात.

भाषा: बडोद्याचा खास घोळ

आपल्याकडे फोन दुकानातूनच गुजरातीत लावून येतो, घरात मराठी, बँकेची पत्रं इंग्रजीत. जीमेलचा पडदा मराठीत करता येतो. अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा असेल तर फोन गुजरातीत ठेवून एकट्या ॲपची भाषा बदलायचीही सोय आहे, भाषांच्या सेटिंगमध्ये "ॲप लँग्वेजेस" म्हणून.

पण करावं का? इंग्रजी अक्षर ओळखता येत असेल तर पडदा इंग्रजीतच ठेवा, असं माझं मत आहे. मुलगी तिकडून सांगणार "सेटिंग्जवर जा", शेजारचा मुलगा गुजरातीत सांगणार "ड्राफ्टमां जुओ" (ड्राफ्टमध्ये बघा). मराठी नावं दोघांनाही ओळखीची नसतात. इंग्रजीची अजिबातच ओळख नसेल तर मात्र मराठी करा, आणि मदत करणाऱ्यालाही त्याच्या फोनवर एकदा मराठी करून बघायला सांगा.

लिहिण्याची भाषा ही वेगळी बाब. गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी जोडून घ्या. दोन प्रकार मिळतात: थेट देवनागरी कळा, किंवा इंग्रजी कळांनी लिहून मराठी उमटवणं. ज्यांना टायपिंगचा कंटाळा आहे त्यांनी माइकचं चिन्ह दाबून बोलावं. मराठी बऱ्यापैकी नीट उमटतं, विरामचिन्हं मात्र हाताने घालावी लागतात. स्पेसची लांब कळ दाबून धरली की भाषा बदलते. पत्ता लिहायच्या चौकटीत न चुकता इंग्रजीवर या. आणि तिथे एक छुपा खड्डा आहे: सुचवलेला शब्द निवडला की कीबोर्ड त्यामागे एक मोकळी जागा सोडतो, ती पत्त्याच्या मधोमध पडते आणि पत्ता चुकीचा ठरतो. "पत्ता बरोबर आहे तरी जात नाही" अशी तक्रार आली की मी आधी तेच बघतो.

तुम्ही असं लिहिलेलं मराठी जगात कुठेही मराठीच दिसतं. अडचण येते ती जुन्या डीटीपीच्या (छपाईसाठीच्या) फॉण्टमध्ये टाइप केलेली फाइल जोडून पाठवली की. पलीकडे तो फॉण्ट नसेल तर खिचडी दिसते. असली फाइल पीडीएफ करून पाठवा.

पहिला सराव, स्वतःलाच पत्र

नवं शिकताना चुकून कुणाला काही जाईल ही भीती असते. म्हणून पहिलं पत्र स्वतःच्याच पत्त्यावर धाडा. कम्पोज, "टू"मध्ये आपला पत्ता, विषयात "चाचणी", खाली दोन ओळी, आणि कागदी बाणाचं चिन्ह. मिनिटभरात ते इनबॉक्समध्ये येतं. मग त्यालाच उत्तर द्या. मग कागदाच्या पिनेचं चिन्ह दाबून एक फोटो जोडून पाठवा. मग वरच्या शोधपट्टीत "चाचणी" लिहून ते जुनं पत्र हुडकून काढा. वाचणं, उत्तर, जोडणी आणि शोध या चार गोष्टी मदतीविना जमल्या की शिकणं झालं. फोल्डर, लेबलं, सही वगैरे नंतर कधीतरी, किंवा कधीच नाही.

जोडणीला २५ एमबीची मर्यादा आहे. फोनचा एक फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो, त्यामुळे मुंजीचे सगळे फोटो एका पत्रात जाणार नाहीत. जीमेल त्यापुढे फाइल ड्राइव्हवर चढवून नुसता दुवा पाठवतं.

सोसायटीच्या सभेची नोटीस सगळ्यांना पाठवायची असेल तर पत्ते "बीसीसी"त टाका. "टू"मध्ये टाकले तर प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसतो, आणि कुणीतरी "रिप्लाय ऑल" दाबून पाण्याच्या टाकीचं भांडण सगळ्यांच्या पेटीत आणून टाकतो.

पीडीएफ उघडत नाही

ही ईमेलची तक्रार नसते, पण येते ईमेलच्याच नावाने. ई-आधारला नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं चार आकडी साल. आयकर खात्याच्या कलम १४३(१)च्या सूचनेला पॅन स्मॉल अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-साल अशा आठ आकड्यांत. बँकेचा नियम ज्या त्या बँकेचा. तो त्याच पत्रात खाली बारीक अक्षरांत लिहिलेला असतो, वाचा. हे सगळे पासवर्ड डायरीच्या एका पानावर उतरवून ठेवा.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी थंडरबर्ड

दोन-तीन पत्ते आहेत, टेबलावर बसून मोठ्या पडद्यावर वाचायची सवय आहे, आणि ब्राउझरमधली गजबज नको, अशांसाठी मोझिलाचा थंडरबर्ड. पहिली आवृत्ती ७ डिसेंबर २००४ची. फुकट आहे, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर बसतो. २०२४च्या ऑक्टोबरपासून अँड्रॉइडवरही आला आहे.

थंडरबर्डच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. उघडल्यावर तो नाव आणि ईमेलचा पत्ता विचारतो. सर्व्हर वगैरेची माहिती तो आपणच शोधून काढतो. जीमेल असेल तर गूगलची नेहमीची लॉगिनची चौकट उघडते, पासवर्ड तिथे द्यायचा. मध्ये "आयमॅप" की "पॉप" असं विचारलं तर आयमॅप. आयमॅपमध्ये पत्रं सर्व्हरवर राहतात आणि फोन, कॉम्प्युटर दोन्हीकडे सारखी दिसतात. पॉप ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून काढूनही टाकतो. मग ती फोनवर दिसत नाहीत. आयमॅपची दुसरी बाजू लक्षात असू द्या: कॉम्प्युटरवर पुसलेलं फोनवरूनही जातं. जीमेलच्या कचऱ्यात ते ३० दिवस असतं, पुढे नाही.

पहिल्यांदा सगळी पत्रं उतरायला वेळ लागतो. संध्याकाळी लावा आणि जेवायला जा. नंतर तीन रेघांच्या मेनूतून फॉण्ट साइज वाढवा आणि डेन्सिटी "रिलॅक्स्ड" करा, म्हणजे ओळी ऐसपैस होतात.

कुलूपकिल्ली

टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा, मदतनीसाला शेजारी बसवून. त्यात बॅकअप कोड मिळतात: आठ आकडी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. फोन हरवला तर हेच आत नेतात. छापून कपाटात ठेवा. पासवर्डही डायरीत लिहायला माझी ना नाही. डायरी चोरायला चोराला घरात यावं लागतं; एकच सोपा पासवर्ड दहा ठिकाणी वापरलात तर त्याला यावंही लागत नाही.

फसवी पत्रं ओळखताना नाव बघू नका, नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता बघा. आयकर खात्याच्या नावाने आलेल्या पत्राचा पत्ता "गव्ह डॉट इन"वर संपत नसेल तर ते त्यांचं नाही. बँकांना त्यांची संकेतस्थळं "बँक डॉट इन"वर नेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत घातली होती, तेव्हा बँकेच्या नावाचा दुवा कुठे संपतो ते तपासा. त्याहून बरं म्हणजे पत्रातला दुवा दाबायचाच नाही. बँकेचं ॲप स्वतः उघडायचं. "वीज आज रात्री तोडू", "केवायसी संपलं" असली घाई दिसली की मदतनीसाला दाखवेपर्यंत हात लावायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

खातं जिवंत ठेवणं, आणि नंतरचं

दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गूगल ते खातं पुसू शकतं. हा नियम २०२३च्या डिसेंबरपासून लागू झाला आहे. सहा महिने अमेरिकेत जाऊन राहणाऱ्यांना याची धास्ती नको, पण तिकडे जाताना इथलं सिम बंद पडू देऊ नका, कारण ओटीपी त्यावरच येणार. रिकव्हरी ईमेल म्हणून मुलीचा पत्ता घालून ठेवा.

आणि गूगलच्या खात्यात "इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" नावाची सोय आहे, ती फार थोडे जण लावतात. खातं ३, ६, १२ की १८ महिने न वापरलं गेलं तर काय करायचं, हे आपण आधी ठरवायचं. जास्तीत जास्त १० जणांची नावं देता येतात, आणि कुणाला काय दिसावं हेही निवडता येतं: एकाला फक्त मेल, दुसऱ्याला फक्त फोटो. विमा, फंड, डिमॅटची सगळी पत्रं जर याच पेटीत येत असतील तर घरच्यांना पुढे हाच धागा असतो. लावताना त्या व्यक्तीचा ईमेल आणि फोन नंबर लागतो. मात्र तेव्हा गूगल त्यांना काहीच कळवत नाही; पत्र जातं ते थेट मुदत भरल्यावर. तेव्हा मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही नवा पत्ता घेऊन जुना विसरलेले असाल आणि तिकडे ती ते पत्र वाचून भलत्याच वेळी फोन करेल.